सत्त्याऐंशीचे सदतीस

१

चिंचदरा गावाच्या नावापुढे सदतीस गुण छापून आलेले पाहून प्रणिता खुर्चीतून उठली.

तिनं कागद खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचला. सदतीसच. गेल्या पंधरवड्यात तिनं स्वतःच्या बोटांनी सत्त्याऐंशी भरले होते. तपासनीस अमरनाथ शेजारी उभा राहून आकडे वाचत होता आणि ती टाइप करत होती. दोघांनी दोनदा ताडून पाहिलं होतं.

साल दोन हजार एक, मे महिना, बीड. पाझर प्रतिष्ठानाला यंदा जिल्ह्यातलं एकच गाव निवडायचं होतं. त्या गावात तीन वर्षं बंधारे, चर, झाडं असं सगळं काम प्रतिष्ठान करून देणार होतं. देणगी परदेशातली, आणि देणाऱ्यांची अट अशी, की कारभार वेबसाइटवर उघड दिसला पाहिजे. ती वेबसाइट एकट्या प्रणितानं उभी केली होती. वय चोवीस, हातात संगणकाची पदविका, आणि डोक्यात आपण बीडमध्ये काहीतरी नवीन करतोय याची थोडी घमेंड. ती असायला हरकत नव्हती.

प्रत्येक गावाचा एक अर्ज होता. गावानं आपला पासवर्ड घालायचा आणि श्रमदान, झाडं, जनावरं यांचे आकडे भरायचे. मराठी अक्षरं तेव्हा संगणकावर धड उमटत नसत, म्हणून प्रणितानं शब्दांची चित्रं करून चिकटवली होती. चौकटींत फक्त आकडे. शेवटची चौकट तपासणीच्या गुणांची. ती गावाला दिसायची, पण करडी, कुलूपबंद. तिथं कितीही टिचक्या मारा, अक्षर उमटत नसे. ते कुलूप फक्त प्रणिताच्या पासवर्डनं उघडायचं.

अध्यक्ष बंकटरावांनी कागद पाहिला. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. त्यामुळेच माणसं त्यांना भीत.

"मुख्य पासवर्ड कुणाकडं आहे?"

"माझ्याकडं."

"आणखी कुणाकडं?"

"कुणाकडंच नाही. पण सर, मी नाही बदललं. आपण आत्ता पुन्हा सत्त्याऐंशी करू."

"करू हो. आणि उद्या कुणी विचारलं, की एक आकडा असा फिरतो तर बाकीचे खरे कशावरून? मग काय सांगू?" त्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. चिंचदरा खाली गेल्यावर आता पिंपरखोरी पहिलं आलं होतं. "पाचला बैठक आहे. तोवर कुणी केलं ते सांगा. नाही सांगितलं तर मी पोलिसात कागद देणार."

प्रणिता दारापर्यंत गेली तेव्हा ते मागून म्हणाले, "तुमचं आजोळ पिंपरखोरीच ना?"

२

अमरनाथनं जीप काढली. तो चिडलेला होता, आणि चिडला की गाडी खड्ड्यांतूनच न्यायची असा त्याचा नेम होता.

"मी स्वतः फिरलो त्या गावात. चराईबंदीला पन्नास गुण असतात, पन्नासच्या पन्नास दिले. शेळीची लेंडी दिसली नाही कुठं. कुऱ्हाडबंदी वीसपैकी पंधरा, श्रमदान वीसपैकी सोळा, नशाबंदी दहापैकी सहा. मोजा."

"सत्त्याऐंशी," प्रणिता म्हणाली. "मला पाठ आहे."

तिच्या मांडीवर संगणकातली नोंद छापलेला कागद होता. गेल्या बाजाराच्या दिवशी, सकाळी अकरा वीसला, चिंचदऱ्याचा अर्ज पाठवला गेला होता. तोही गावाच्याच पासवर्डनं. तिचा पासवर्ड त्या दिवशी कुणी वापरलाच नव्हता. पण हे बंकटरावांना सांगून उपयोग काय? ते म्हणणार, नोंद ठेवणारी तुम्हीच, बदलणारी तुम्हीच. आणि खरी अडचण त्याहून मोठी होती. गावाच्या पासवर्डनं ती चौकट उघडतच नाही. तिनं ऑफिसात दहा वेळा तपासलं होतं. चिंचदऱ्याचा अर्ज जिथून भरला जायचा, त्या धारूरच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊनही तपासलं होतं. त्या दिवशी दुकानाच्या आमेरनं एक नंबरची खुर्ची रुमालानं पुसून दिली होती, आणि सगळ्यांसमोर तिनं त्या करड्या चौकटीत टिचक्या मारून दाखवल्या होत्या.

म्हणजे कुलूप जागच्या जागी, किल्ली तिच्याकडं, आणि आतला आकडा बदललेला.

"तू नाहीस ना केलं?" अमरनाथनं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तिनं तोंड खिडकीकडं वळवलं, आणि धारूरचा घाट येईपर्यंत तसंच ठेवलं.

३

आमेरचं दुकान मुळात त्याच्या बापाचं. रहमतुल्ला चाचा टाइपरायटर दुरुस्त करायचे. टाइपरायटर गेले, तीन संगणक आले. चाचा मात्र दारातल्या आपल्या स्टुलावर बसून राहिले, हातात बारीक पेचकस. एके काळी त्यांना कोर्टात बोलावणं यायचं. निनावी अर्ज समोर ठेवायचे आणि विचारायचे, हा कुठल्या मशीनवर टाइप झाला. चाचा भिंग लावून पाहायचे आणि नाव सांगायचे.

प्रणितानं सगळं सांगितलं. आमेरचा चेहरा उतरला. त्याच्या दुकानातून हे झालं म्हटल्यावर उद्या इथं कोण येणार?

"घाबरू नको बे," चाचा पोराला म्हणाले. मग प्रणिताकडं वळले. "बेटी, आकडा काय होता, काय झाला?"

"सत्त्याऐंशीचे सदतीस."

चाचांनी स्टुलावर बोटं टेकवली, टाइपरायटरवर टेकवावीत तशी. "आठ उजव्या हाताचा. तीन डाव्या हाताचा. बोट घसरून आठाचा तीन होत न्हाई. कुणीतरी ठरवून केलंय. आमेर, रजिस्टर आण."

रजिस्टरात माणसाचं नाव, मशीनचा नंबर, वेळ. गेल्या बाजारच्या दिवशी अकरा ते बारात दोनच नावं होती. सुग्रीव, चिंचदरा, एक नंबर. नागप्पा, चिंचेचे व्यापारी, दोन नंबर.

"दोघंच?" अमरनाथनं विचारलं.

"लिहिलंय तेवढंच," आमेर म्हणाला.

चाचांनी मागची पानं चाळली. एक, दोन, एक, एक, दोन. त्यांच्या कपाळावर आठी आली. ते पान तसंच उघडं ठेवून उठले.

"आज बाजार हाय. दोघं बी गावात असतील. आण जा बोलवून."

४

नागप्पा आले ते हातातली चिंचेची गोणी पोराच्या डोक्यावर देऊनच. चिंच हा त्यांचा धंदा खरा, पण पूर्वी चिंचदऱ्याच्या शेळ्याही तेच बाजाराला न्यायचे. चराईबंदी आली, आणि तो धंदा बसला.

"मला कशाला बोलीवलं? मी सोलापूरचे भाव बघायला आलतो."

"चिंचदऱ्याचा पासवर्ड माहीत आहे तुम्हाला?" प्रणितानं विचारलं.

"गावाला माहीत हाय तो. पंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिवलाय."

प्रणितानं डोळे मिटले. अमरनाथ पुढे सरकला. "म्हणजे तुम्ही उघडला असेल अर्ज. गाव बाद झालं तर शेळ्या पुन्हा येतील तुमच्याकडं."

"उघडला ना!" नागप्पा बेधडक म्हणाले. "बघितलं, किती मार्क पडले. ते खोडायचा बी प्रयत्न केला, खोटं कावून बोलू? पण ती करडी चौकट ढिम्म हालली न्हाई. म्हटलं जाऊ दे."

सुग्रीव तोवर दारात येऊन उभा होता. पंचायतीचा कारकून, पंचविशीचा, केसांना तेल. अर्ज भरायचं काम त्याच्या नावावर होतं आणि पासवर्डची पोचही त्यानंच सही करून घेतली होती.

"मीच भरतो दर बाजारी. पण मार्काच्या चौकटीत कसं भरणार मॅडम? ती उघडतच न्हाई."

चाचांनी दोघांपुढं कोरे कागद आणि पेन्सिली सरकवल्या. "तो अर्ज काढा आठवणीनं. चौकट करडी असंल तर रेघा मारा, पांढरी असंल तर तशीच सोडा. बघून काढायचं न्हाई."

अमरनाथनं प्रणिताकडं पाहिलं. म्हाताऱ्याला चळ लागला की काय, असा त्याचा चेहरा. पण दोघंही कागदावर वाकले. नागप्पांना तीनच चौकटी आठवल्या, शेवटची रेघांनी भरलेली. सुग्रीवनं मात्र तब्येतीत काढलं: श्रमदान, झाडं, गाई, बैल, म्हशी, आणि खाली करडी चौकट.

चाचांनी प्रणिताला विचारलं, "बरोबर हाय?"

ती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. "शेळ्यांची चौकट नाही. ती मी फेब्रुवारीत वाढवली."

सुग्रीवच्या कानशिलावरून घाम ओघळला.

"म्हंजी फेब्रुवारीपासून तू अर्ज बघितलाच न्हाई," चाचा शांतपणे म्हणाले. "दर बाजारी येतोस, एक नंबरवर बसतोस, क्रिकेटचा स्कोअर बघून जातोस. मग अर्ज भरतं कोण, पोरा?"

५

"उमाबाई," सुग्रीव खाली बघत म्हणाला. "आंगणवाडीच्या. मी दोनदा दाखवलं, त्यांना आलं. त्यांची इथं बाजारच्या दिवशी मीटिंग असती. मला तेवढाच येळ मिळतो. सरपंचाला सांगू नका."

"गेल्या बाजाराला उमाबाई आल्या होत्या?" प्रणितानं विचारलं.

"आलत्या की."

सगळ्यांनी रजिस्टराकडं पाहिलं. उमाबाईंचं नाव तिथं नव्हतं. कुठल्याच पानावर नव्हतं.

"बेटी, मघापासून माझी नजर तिथंच अडकलीय," चाचा म्हणाले. "दुकानात मशीन तीन. रजिस्टरात एक हाय, दोन हाय. तीन नंबर एकदा बी न्हाई."

आमेर गोंधळून गेला. "अब्बा, तीन नंबर बायांचं हाय! बायांची नावं कशी लिहायची रजिस्टरात? ते उघडं पडलेलं असतं, कुणी बी चाळतं. लोक नावं ठेवतील. मी त्यांचा हिशेब तोंडीच ठेवतो."

त्यानं बोट दाखवलं तेव्हा प्रणितानं पहिल्यांदा तो कोपरा नीट पाहिला. फुलांच्या छापाचा पडदा. मागच्या खेपेला तिला वाटलं होतं, तिथं पाण्याचा माठ असेल.

उमाबाई स्वतःच आल्या. बाजारात दुकानापुढची जीप बघून थबकल्या होत्या. चाळिशीच्या, काटक, हातात मुलांच्या वजनाच्या नोंदींची वही. चाचांनी त्यांनाही कागद दिला आणि तीच अट सांगितली. उमाबाई वही खाली ठेवून कागदावर वाकल्या. सवयीच्या हातानं एकेक चौकट काढली, शेळ्यांचीसुद्धा. सगळ्या सरळ, रजिस्टराच्या रकान्यांसारख्या. शेवटची चौकट काढली आणि पेन्सिल खाली ठेवली.

ती चौकट पांढरी होती.

चाचांनी कागदाची घडी घातली. आवाज अगदी मऊ झाला. "उमाबाई, चहा घ्या तुमी. बेटी, तू माझ्यासंगं ये."

पडद्याआड एक जुना, पिवळट पडलेला संगणक होता. आमेरनं औरंगाबादहून जुन्या बाजारातून आणलेला. बायांना काय, चिठ्ठीपत्री तर करायची, म्हणून सगळ्यात जुना त्यांच्या वाट्याला. मॉडेमनं खरखर केली. स्क्रीनवर इंटरनेट एक्सप्लोररचं ओळखीचं निळं ई आलंच नाही. त्याच्या जागी नेटस्केप नावाचा जुना ब्राउझर उघडला. प्रणितानं चिंचदऱ्याचा पासवर्ड घातला.

अर्ज उघडला. शेवटची चौकट पांढरीशुभ्र. तिनं आत टिचकी मारली.

कर्सर लुकलुकायला लागला.

६

तिनं सातावर बोट ठेवलं. सात उमटला. तिनं तो घाईघाईनं खोडला, चोरी करताना पकडल्यासारखा.

"असं कसं झालं?" अमरनाथ पडद्याबाहेरून विचारत होता. आत यायला तो संकोचत होता.

प्रणिता पडद्याआडूनच बोलली. "मी चौकटीला एक शब्द लावला होता, की ही बंद ठेव. एक्सप्लोररला तो शब्द कळतो. तो चौकट करडी करतो, आणि तिच्यातला आकडा आमच्याकडं पाठवतसुद्धा नाही. म्हणून जुना आकडा तसाच राहतो. या जुन्या नेटस्केपला तो शब्दच माहीत नाही. न कळलेला शब्द तो गुमान सोडून देतो. चौकट उघडी राहते, आणि तिच्यात जे असेल ते आमच्याकडं येऊन जुन्यावर बसतं. मी आलेला आकडा तपासलासुद्धा नाही. मला वाटलं, कुलूप आहे ना."

"मी कोर्टात हेच सांगायचो," चाचा म्हणाले. "कागद एकच, पण हर मशीन आपल्या खोडीनं टाइप करतं. तू एकाच मशीनची खोड बघितली बेटी."

ती पडद्याबाहेर आली. उमाबाईंचा चहा तसाच निवत होता.

"मी केलं," त्या आपणहून म्हणाल्या.

"कावून?" सुग्रीव जवळजवळ ओरडला. "आपलंच गाव बाई! आपल्याच गावाचं पाणी!"

चाचांनी हात वर केला. "तिनं आकडा मनानं न्हाई घातला. अमरनाथ, चराईबंदीला किती मार्क?"

"पन्नास." अमरनाथ बोलला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. सत्त्याऐंशीतून पन्नास गेले, की सदतीस राहतात.

उमाबाईंनी वही मांडीवर घट्ट धरली होती. "साहेब, तुमी तपासायला आलता तवा गावात एक बी शेळी न्हवती. खरं हाय. सरपंचानं आदल्या सांजेला सगळ्या शेळ्या खालच्या दऱ्यात कोंडल्या. दऱ्याच्या तोंडाला काटे लावले. तुमी येणार एका दिवशी, आलात तिसऱ्या. तीन दिस चारा न्हाई, पाणी न्हाई. बायडाबाईची गाभण शेळी मेली. तिच्या घरात दुसरं काय हाय? लेकरांना दूध त्याच शेळीचं. मी त्या लेकराचं वजन करते दर महिन्याला."

बाहेर बाजाराचा गलका चालू होता.

"तुमी मला इचारलं, शेळ्या किती. सरपंच शेजारी हुभा. मी शून्य सांगितलं. अर्जात बी शून्य भरलं. गावाच्या आकड्यांचा कागद सुग्रीव न बघताच सरपंचाला नेऊन देतो, शेळ्यांच्या चौकटीत दुसरं लिवलं असतं तर त्याच दिवशी समजलं असतं. मंग खालची चौकट दिसली. त्यात सत्त्याऐंशी. ती उघडी व्हती. मला वाटलं, उघडी हाय म्हंजी आपण बी लिवायची असंल. जे आपलं न्हाई ते काढलं. वाटलं, साहेब बघतील, इचारायला परत येतील, शेळ्या दिसतील." त्यांनी प्रणिताकडं पाहिलं. "तुमच्यावर येईल असं सपनात बी आलं न्हाई, ताई."

घड्याळात अडीच वाजले होते.

७

जीपमध्ये बसायच्या आधी प्रणिता उमाबाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही इथंच थांबा. सरपंचाला कळलं तर तुम्हाला गावात राहणं कठीण होईल. मी तुमचं नाव घेणार नाही."

उमाबाईंनी नकारार्थी मान हलवली आणि त्या निमूटपणे जीपच्या मागच्या बाजूला जाऊन बसल्या.

पाचला पाच कमी असताना ते बीडला पोचले. टेबलाभोवती सात विश्वस्त होते. बंकटरावांपुढं पोलिसांना द्यायचा कागद टाइप करून तयार. प्रणिता उभी राहिली. साऱ्या वाटेत तिनं शब्द जुळवले होते. आता त्यांतला एकही आठवेना.

"सर, त्या चौकटीचं कुलूप कुलूपच नव्हतं," ती म्हणाली. "मी एकाच प्रकारच्या ब्राउझरवर तपासलं. दुसऱ्यावर ती चौकट उघडी राहते. धारूरमध्ये बायका ज्या मशीनवर बसतात तिथं ती पहिल्या दिवसापासून उघडी आहे. कुणीही, कधीही गुण बदलू शकलं असतं. चूक माझी आहे."

एक विश्वस्त हसला. चोर ठरण्यापेक्षा अडाणी ठरणं तिला जास्त झोंबलं. कान तापले. तरी ती उभी राहिली.

"वर्षभर आपण परदेशात सांगतोय, की आपला कारभार चोख आहे," बंकटराव म्हणाले.

"हो सर."

"बदललं कुणी?"

"ते मी सांगणार नाही. पण सदतीस बदलून नुसते सत्त्याऐंशी करू नका. न कळवता पुन्हा तपासणी करा. दोन्ही गावांची. माझ्या आजोळचीसुद्धा."

"नाव सांगितल्याशिवाय हा कागद मी फाडणार नाही." बंकटरावांनी पेन उघडलं.

"शेळ्या एकशे बेचाळीस हायत."

सगळ्यांनी वळून पाहिलं. उमाबाई दारात उभ्या होत्या. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या.

"एकशे त्रेचाळीस व्हत्या. एक मेली," त्या म्हणाल्या. "लिवा माझं नाव. सत्त्याऐंशी मी खोडले. पण आधी शून्य बी मीच लिवलंय, ते बी लिवा."

बंकटरावांनी पेन बंद केलं. मग अमरनाथकडं पाहिलं. "पिंपरखोरीत शेळ्या किती होत्या?"

"शून्य, सर," अमरनाथ म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "तिथंही शून्यच होत्या."

८

न कळवता तपासणी झाली. चिंचदऱ्यात एकशे बेचाळीस शेळ्या निघाल्या. पिंपरखोरीत दोनशे दहा. प्रणिताच्या मामानं तिच्याशी बोलणं टाकलं. बंकटरावांनी पोलिसांचा कागद फाडला आणि निवड दोन महिने पुढं ढकलली. त्या अवधीत विश्वस्तांनी चराईबंदीचा नियम पुन्हा लिहिला. ज्यांच्याकडं जमीन नाही त्यांच्या शेळ्यांसाठी गावानं एक दरा राखून ठेवायचा. शेळ्या लपवल्या तर गुण शून्य. मोजून दाखवल्या तर गुण कापायचे नाहीत.

चिंचदऱ्याच्या सरपंचानं उमाबाईंना पंचायतीत बोलावून नको नको ते सुनावलं. त्याच बैठकीत बायडाबाईसह तीस बाया येऊन बसल्या आणि उमाबाई उठेपर्यंत उठल्या नाहीत. त्यानंतर सरपंच त्या विषयावर बोलला नाही.

प्रणिताची नोकरी राहिली, पगार मात्र तीन महिने अर्धा झाला. तिनं तक्रार केली नाही. नवा अर्ज तयार झाला तेव्हा ती बाजाराचा दिवस धरून धारूरला गेली. आमेर लगबगीनं उठला आणि रुमालानं एक नंबरची खुर्ची पुसायला लागला.

"या मॅडम, इथं बसा."

"आधी तिकडं," प्रणिता म्हणाली आणि पडदा सारून आत गेली.

तिनं पांढऱ्या चौकटीत टिचकी मारली. कर्सर आत शिरला आणि लगेच बाहेर फेकला गेला. पुन्हा मारली, पुन्हा बाहेर. मग तिनं मुद्दाम आडवाटेनं चौकटीत एक खोटा आकडा घुसवला आणि अर्ज पाठवून दिला. बीडच्या संगणकानं तो घेतलाच नाही, जुनाच परत दाखवला. तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला. बाहेर स्टुलावर चाचांनी नुसता पेचकस वर करून दाखवला.

पडदा सारून उमाबाईंनी आत डोकावलं. "झालं का कुलूप, ताई?"

"झालं. इथं आणि बीडला, दोन्हीकडं."

"मंग उठा जरा. मला माझं लिवू द्या."

प्रणिता उठली. रजिस्टरात आता तीन नंबरच्या पुढं उमाबाईंचं नाव होतं, त्यांनी स्वतः लिहिलेलं. त्या खुर्चीवर बसल्या, चष्मा सारखा केला आणि एकेक कळ शोधत शेळ्यांच्या चौकटीत एकशे सत्तेचाळीस लिहिलं.

"पाच वाढल्या?" प्रणितानं विचारलं.

"चार नवी पिल्लं, आन् बायडाबाईला गावानं बाजारातून एक पाट घेऊन दिली, तरणी शेळी. ती धरून." उमाबाईंनी अर्ज पाठवला आणि मॉडेमची खरखर थांबेपर्यंत तिथंच बसून राहिल्या.